तिसरं गाणं संपलेलं नाही

मावशीच्या स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आलेला माणूस आधी दचकतो, मग बसतो. बाकासमोरच्या भिंतीवर ओळीने फोटो लावलेत आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत कुणीतरी तोंड वासून ओरडतंय. एकाच्या गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या तटतटल्यात. एक पोरगी गिटारवर अशी ओणवी झालीये, जणू घराची किल्लीच तिच्यात पडलीये. पेन्शनच्या कागदांसाठी फोटो काढायला आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ भिंत न्याहाळली आणि हळूच विचारलं, "बाई, इथे दातही काढतात का?"

"नाही हो आजोबा. धडधाकट माणसं आहेत. गातायत."

"असं होय," आजोबा म्हणाले, आणि त्याच विचारात स्टुलावर जाऊन बसले. त्यामुळे त्यांचा फोटो इतका झकास आला की पुढे घरच्यांनी तोच मोठा करून नेला.

स्टुडिओ मुळात मावशीच्या वडिलांचा. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला आणि मधे पट्टीसारखी अरुंद, लांबुळकी खोली. बाबांचे धंद्याचे नियम दोन. पहिला, कान दिसले पाहिजेत. सरकारला कान लागतात, का लागतात ते विचारायचं नाही. दुसरा नियम त्यांनी कुठल्याच गिऱ्हाइकाला कधी सांगितला नाही, तो म्हणजे रिकामा क्लिक. माणूस स्टुलावर बसला की चेहऱ्यावर फोटोचा चेहरा चढवतो. हनुवटी वर, श्वास आत, डोळे सासुरवाडीला आल्यासारखे. बाबा फिल्म पुढे न ओढताच एकदा खट्ट करायचे. "झाला?" म्हणत गिऱ्हाईक सैल पडलं, चढवलेला चेहरा उतरला, की दुसरा खट्ट. तो खरा. पहिला फोटो गिऱ्हाइकाच्या समाधानाचा, दुसरा आपल्या, असं ते म्हणायचे.

मावशीने हे दोन्ही नियम स्टुडिओसकट घेतले. आता पन्नाशीला आली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलंच तर म्हणते, "अजून रिकामा क्लिक चाललाय." विचारणारा तो विषय पुन्हा काढत नाही.

बँडवाल्यांशी तिची गाठ पडली ती एका फजितीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी चार पोरं पोस्टरसाठी फोटो काढायला आली. केस खांद्यापर्यंत, पँटी गुडघ्यावर फाटलेल्या, दोघांच्या हातात गिटारी. मावशीने सवयीने त्यांना ओळीत उभं केलं आणि म्हणाली, "हसू नका. केस कानामागे घ्या." फोटो धुऊन आला तेव्हा चौघंही सायकलचोरीत सापडल्यासारखे दिसत होते. पोरांनी फक्त एकमेकांकडे बघितलं. ते बघणं मावशीला झोंबलं.

"तुम्ही वाजवता कुठे?" तिने विचारलं. "मीच येते तिथे."

ते वाजवायचे गाद्यांच्या दुकानाच्या तळघरात. रविवारी दुकान बंद, त्यामुळे दुपारी कितीही कल्ला केला तरी तक्रार करायला वर कुणी नसे. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून न खपलेल्या गाद्या भिंतींना उभ्या लावलेल्या. शहरात ज्यांना स्वतःची गाणी स्वतः करायची होती आणि ज्यांना कुठल्याच हॉलमध्ये कुणी उभं करत नव्हतं, ती सगळी तरुण मंडळी त्या गाद्यांमधे कोंबलेली असायची. एक लाल दिवा, एक निळा आणि एक असा, की जो कधी लागेल ते त्यालाच माहीत. मावशी कानात कापूस घालून उतरली ती तिथलीच झाली.

शिकायला मात्र वेळ लागला. पहिल्या रविवारी तिने हात हलू नये म्हणून कॅमेरा स्पीकरवर टेकवला. फोटोत गायकाला चार नाकं आली. तेव्हापासून दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावायची, श्वास अर्धा सोडून धरायचा आणि भांडण लागलं तरी स्पीकरला टेकायचं नाही. फ्लॅश वापरायचा नाही. वाजवणाऱ्याच्या डोळ्यांत एकदा लख्ख उजेड मारला की पुढच्या चार ओळी तो विसरतो. हे सगळं जमलं तरी फोटो खोटेच येत होते. मग एकदा बाबांचा रिकामा क्लिक आठवला आणि डोक्यात उजेड पडला. पहिली तीन गाणी हे लोक वाजवत नाहीत, वाजवताना दिसतात. चेहरा पोस्टरचा असतो. चौथ्या गाण्याला घाम डोळ्यांत उतरतो, शर्ट पाठीला चिकटतो, आपण कसे दिसतोय याची फिकीर करायला उसंत उरत नाही, आणि मग चेहरा उतरतो. तेव्हापासून मावशी पहिली तीन गाणी कॅमेरा गळ्यात सोडून, हाताची घडी घालून उभी राहते. नवीन बँडला वाटतं, बाईंना गाणं आवडलेलं दिसत नाही. जुने त्यांना सांगतात, "थांब. अजून तू आलेला नाहीस."

एकेका बँडचा असा एकच फोटो निवडून ती भिंतीवर लावते. तिचा थोरला भाऊ, ज्याला ती दादा म्हणते, रविवारी सकाळी जुनी स्कूटर काढून चहाला येतो आणि दर वेळी भिंतीकडे पाठ करून बसतो.

"बाबांच्या स्टुडिओत लोक भांग पाडून यायचे," तो म्हणतो. "तू कोकलणारी माणसं टांगून ठेवलीयेस. गिऱ्हाईक पळेल."

"पळताना चांगला फोटो येतो, दादा."

"एकाचा तरी कान दिसतोय का यात?"

"चहा घे. निवतोय."

तर या भिंतीवर मधोमध एक खिळा रिकामा होता. खाली कागदाची पट्टी, त्यावर बँडचं नाव: बंद लिफ्ट. फोटो नाही.

बंद लिफ्टमधे चौघं, त्यातली तिघं टोपणनावानेच ओळखली जाणारी. गाणारा घसा, गिटार वाजवणारा तार, ड्रमवर हातोड्या, आणि बेस गिटारवर मावशीची भाची. सख्खी. तिच्यामुळेच सगळं तळघर हिला मावशी म्हणायला लागलं. भाचीचा फोटो निघत नव्हता. म्हणजे निघायचा, पण पासपोर्टच निघायचा. लहानपणी तिची आई कामावर गेली की ती स्टुडिओतच असायची, आणि नवीन दिवा आणला, नवीन पडदा लावला की मावशी आधी तिलाच स्टुलावर बसवून बघायची. त्या पोरीच्या हाडामांसात ते भिनलं होतं. भर तालात, अंगात वारं शिरल्यासारखं वाजवत असली तरी मावशीचा कॅमेरा वर झालेला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचा, की हनुवटी वर, केस कानामागे, नजर समोर. चौथं गाणं असो की चौदावं.

"मुद्दाम करतेस," मावशी म्हणायची.

"शपथ मावशी, आपोआप होतं. तूच लावलीस सवय. आता भोग."

भोगायला हरकत नव्हती, दर रविवारी नवा डाव होताच. पण मग गादीवाला म्हातारा झाला, त्याने दुकान विकलं आणि नव्या मालकाने तळघरात जिम काढली. तिथे आताही माणसं घामच गाळतात, फक्त गाणं बंद झालं. सगळे बँड बाजारामागच्या नव्या हॉलमधे गेले. आणि त्याच सुमारास हातोड्याला लांबच्या गावी नोकरी लागली. तो गेल्यावर दुसऱ्या कुणाला ड्रमवर बसवायचं नाही, असं बाकी तिघांनी ठरवलं. म्हणजे बंद लिफ्टचा एकच कार्यक्रम उरला, नव्या हॉलमधे, येत्या रविवारी दुपारी. मावशीचा खिळा भरला तर त्या दिवशी, नाहीतर कधीच नाही.

नव्या हॉलचा व्यवस्थापक तिशीतला, टापटीप, दारातच प्रत्येकाच्या मनगटाला कागदी पट्टी चिकटवणारा. लोकांनी लगेच त्याचं पट्टीसाहेब करून टाकलं. माणूस वाईट नव्हता. हॉलच्या पहिल्याच कार्यक्रमात तीन कॅमेरेवाले स्टेजवर चढले होते आणि मागच्यांना अख्खा वेळ त्यांच्या पाठीच बघाव्या लागल्या होत्या. तेव्हापासून दारावर पाटी: फोटो फक्त पहिली तीन गाणी.

मावशी पाटी वाचून आत गेली.

"मी पहिल्या तीन गाण्यांत फोटो काढत नाही," ती म्हणाली.

"मग त्या वेळात काय करता?"

"उभी राहते."

"मग उभ्या उभ्याच काढा ना," पट्टीसाहेब समजुतीने म्हणाला. "मोठ्या हॉलमधे सगळीकडे असंच असतं, मावशी. तीन गाणी, मग कॅमेरा बॅगेत आणि फोटोग्राफर कठड्यामागे. अख्खं जग पाळतं."

"अख्ख्या जगाने माझ्या भाचीला स्टुलावर बसवलं नव्हतं."

हे त्याला कळणं शक्य नव्हतं. "मागून मोबाईलवर काढा हवं तर. सगळेच काढतात."

"सगळेच काढतात ना? मग मी कशाला?"

"तुम्हाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील. आणि स्पष्ट सांगतो, नियम मोडला तर पुन्हा कॅमेऱ्यासकट आत सोडता येणार नाही. कुठल्याच कार्यक्रमाला."

मावशीने मान हलवली. ही होकाराची मान नव्हती, पण ते तिला ओळखणाऱ्यालाच कळलं असतं. दारापर्यंत जाऊन ती वळली. "एक सांगा. तिसरं गाणं संपलं हे ठरवणार कोण?"

"ठरवायचं काय त्यात?" पट्टीसाहेबाला हसू आलं. "वाजवणारे थांबले, टाळ्या पडल्या, संपलं गाणं."

"असं होय," मावशी म्हणाली.

संध्याकाळी बंद लिफ्टची तालीम भाचीच्या घराखालच्या गॅरेजमधे चालली होती. मावशी उलट्या बादलीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं.

घसा भडकला. "मग नाहीच वाजवायचं तिथे! बहिष्कार!"

"बस खाली. बहिष्काराचा फोटो येत नाही," मावशी म्हणाली. "वाजवायचं. पहिली दोन गाणी नेहमीसारखी. तिसरं सुरू करा आणि संपवूच नका."

"म्हणजे?"

"म्हणजे हातोड्या थांबणार नाही. गाणं बदला, चाल बदला, काय हवं ते करा, पण मधे आवाज तुटता कामा नये. तुमची उरलेली सगळी गाणी तिसऱ्याच्या पोटात."

हातोड्याने आपल्या मनगटांकडे बघितलं.

"मावशी, हात गळून पडतील माझे," हातोड्या म्हणाला.

"नवीन नोकरीत हातांचं काय काम आहे?"

"खुर्चीत बसायचंय."

"मग गळू देत."

भाची हसायला लागली, आणि तिचं हसू ओसरायच्या आत हातोड्याने काठ्या उचलल्या होत्या. अडचण एकच होती. एका गाण्यातून दुसऱ्यात न थांबता कसं शिरायचं हे त्यांनी कधी केलंच नव्हतं, आणि नीट बसवायला दिवस उरले नव्हते. ठरलं एवढंच, की वळणावर सगळ्यांनी हातोड्याकडे बघायचं. तो मान हलवील तेव्हा उडी.

रविवारी मावशीला हॉलवर सोडायला दादा आला. स्कूटर लावून तोही आत शिरला. "बघतो तरी काय असतं ते," म्हणाला. वाटेत तिने त्याला बेत सांगितला होता, त्यावर त्याने सिग्नल सुटेपर्यंत भाषण दिलं होतं. "नियम म्हणजे नियम. या वयात हाकलून घेणारेस का? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझ्या कानात कापूस आहे."

पट्टी चिकटवून घेऊन दादा मागे खांबापाशी उभा राहिला, दोन्ही कानांवर हात ठेवून.

पहिलं गाणं झालं. मावशी स्टेजच्या डाव्या अंगाला, ड्रमच्या समोर, हाताची घडी घालून उभी. टाळ्या. दुसरं झालं. टाळ्या. पट्टीसाहेब कठड्यापाशी येऊन उभा राहिला. त्याला तिची काळजीच वाटली असावी. खुणेनेच त्याने विचारलं, काढा की! मावशीने नमस्कार केला.

घसा माइकपाशी आला. "आता आमचं तिसरं गाणं. थोडं लांब आहे. मधे कुणी टाळ्या वाजवल्यात तर मावशीला बाहेर जावं लागेल. तेव्हा हात खिशात."

हॉलमधल्या निम्म्या लोकांचे फोटो मावशीच्या भिंतीवर होते आणि उरलेल्यांना यायचे होते. हात खिशात गेले.

तिसरं गाणं एका बंद पडलेल्या लिफ्टचंच होतं, बँडचं सगळ्यात लाडकं. ते संपत आलं, सगळ्यांच्या हातांना कंड सुटली, आणि हातोड्याने मान हलवली. ताल न तुटता गाणं सरळ पुढच्या गाण्यात घुसलं. उडी जरा वाकडी पडली, तारचं बोट घसरलं, पण आवाज तुटला नाही. लोकांनी टाळ्यांऐवजी पाय आपटले.

पट्टीसाहेबाने आधी घड्याळ बघितलं, मग बँडकडे, मग मावशीकडे. तिच्याजवळ येऊन त्याने तीन बोटं वर केली. मावशीने कानातल्या कापसाकडे बोट दाखवलं आणि पुन्हा हाताची घडी घातली. अजून कॅमेरा उचलला नव्हता! रिकामा क्लिक पुरा झाल्याशिवाय ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे, स्वतःच्या बापाचं सोडून.

पुढच्या वळणावर घात झाला. चाल संथ झाली, घसा पाणी प्यायला वळला, उरला फक्त हातोड्याचा बारीक ठेका, पावलं न वाजवता चालल्यासारखा. आणि मागून, खांबापासून, एक टाळी पडली. एकच, खणखणीत.

सगळा हॉल मागे वळला. "श्श्श!"

दादा दोन्ही हात जुळलेल्या अवस्थेत गोठून उभा होता. त्याने कानांवरचे हात कधी काढले हे त्याचं त्यालाच आठवत नव्हतं. भाचीच्या कंपनीला नावं ठेवता ठेवता माणूस गाण्यात अडकला होता आणि गाणं संपलंय असं समजून त्याने मनापासून दाद दिली होती.

"टाळी पडली!" पट्टीसाहेब त्याच्याकडे धावला. "पडली की नाही टाळी? झालं, गाणं संपलं!"

दादाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा लांबवर उभ्या बहिणीकडे. आयुष्यभर नियम म्हणजे नियम म्हणणारा माणूस तो. त्याने हात उलगडून स्वतःचा तळवा निरखला.

"टाळी कसली? डास होता," तो म्हणाला. "हॉलमधे डास फार आहेत तुमच्या. तेवढं आधी बघा."

आसपासचे लोक लगेच अंगावर चापट्या मारायला लागले. पट्टीसाहेब मावशीकडे वळेपर्यंत हातोड्याने मान हलवली होती आणि चौघं पुढच्या गाण्यात उडाले होते.

त्याच गाण्यात तारची तार तुटली. एरवी अशा वेळी थांबतात, चार विनोद करतात, नवीन तार लावतात. आज थांबता येणार नव्हतं. तो गुडघ्यावर बसून तार ओवायला लागला आणि गिटारचं सगळं ओझं आलं बेसवर, भाचीवर. तिने हे गाणं असं एकटीने कधी ओढलं नव्हतं. पुढचं वळण कधी येईल माहीत नाही, म्हणून डोळे हातोड्याच्या मानेवर खिळलेले. केस घामाने गालावर, कानावर, ओठांच्या कोपऱ्यात. हनुवटी छातीत रुतलेली. तोंड अर्धवट उघडं, जणू काहीतरी हातातून निसटायच्या आत धरायचंय. आणि बघत होती ती हातोड्याकडे, जो उद्या असणार नव्हता.

मावशीने कॅमेरा उचलला. कोपरं बरगड्यांना लागली. भाचीच्या डोळ्याच्या कोपऱ्यात तो नक्की आला असणार. इतकी वर्षं आला होता. हनुवटी वर झाली नाही. मावशीने तरी लगेच दाबलं नाही. तळघरातला तो लहरी तिसरा दिवा नव्या हॉलमधे नव्हता, पण झांजेवर काठी पडली की निळा उजेड उसळून पोरीच्या गालावर येतोय हे तिने हेरलं होतं. अर्धा श्वास सोडला. झांज पडली.

खट्ट.

फोटो आला हे तिला बघायच्या आधी कळलं. काम झालं होतं. कॅमेरा बॅगेत घालून, पट्टीसाहेबाला मान देऊन ती तेव्हाच बाहेर पडू शकली असती. ती हलली नाही. घशाचा काढला, गुडघ्यावर बसलेल्या तारचा काढला, हातोड्याच्या थरथरणाऱ्या मनगटांचा काढला. तिसरं गाणं चालूच होतं आणि नियमाने तिला उभं राहायचा पूर्ण हक्क होता. तो तिने शेवटच्या ठोक्यापर्यंत नाकावर टिच्चून वापरला.

अखेर हातोड्याने काठ्या खाली ठेवल्या. आवाज थांबला. मग खिशातले सगळे हात एकदम बाहेर आले आणि आधीच्या सगळ्या गाण्यांची उधारी त्या टाळ्यांत वसूल झाली. सगळ्यात शेवटी थांबला तो खांबापाशी डास मारणारा माणूस.

मावशीने कानातला कापूस काढला आणि पट्टीसाहेबापुढे जाऊन उभी राहिली.

"संपलं तिसरं गाणं," ती म्हणाली. "निघू?"

पट्टीसाहेब रागावायला निघाला होता, पण सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता आणि नियम तर मोडलेला नव्हता. "पाटी बदलणार आहे मी," तो एवढंच म्हणाला.

"बदला की. वाचायला येईनच."

पाटी खरंच बदलली: फोटो फक्त पहिली दहा मिनिटं. मावशी चष्मा लावून वाचून आली आणि पुढच्या रविवारच्या बँडला म्हणाली, "आता दहा मिनिटं आधी दार बंद करून घाम काढून या. स्टेजवर येताना भिजलेले पाहिजेत." ती पोरं ऐकतील की नाही ते ठाऊक नाही, पण जिन्यावर धावणारे चार गिटारवाले परवा काहींनी पाहिलेत म्हणे.

खिळ्यावर फोटो लागला त्या दिवशी भाची बघायला आली. "ही कोण?" तिने विचारलं.

"मलाही आत्ताच भेटली," मावशी म्हणाली.

दादा चहाला आला होता. या वेळी भिंतीकडे तोंड करून बसला. कप बशीत ठेवून त्याने फोटो नीट निरखला, जवळ जाऊन निरखला, आणि बाबांच्या आवाजात म्हणाला, "कान दिसत नाहीयेत."

"नाहीच दिसायचे," मावशी म्हणाली, आणि खिळा जरा सैल वाटला म्हणून त्यावर हातोडीचा अजून एक ठोका घातला.